प्रार्थनाघरामागची मूठमाती

तमाम मराठी जनतेस, विशेषतः तिच्यातल्या ख्रिस्ती, लूथरन आणि आखाती देशांत घाम गाळणाऱ्या भागास, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की संयुक्त अरब अमिरातींतलं पहिलं, शेवटचं आणि एकमेव ग्रामीण मराठी लूथरन प्रार्थनाघर हे मुळात बकऱ्यांचं होतं. बकऱ्यांनी ते स्वखुशीनं सोडलं नाही. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती नोंदवण्याची मुदत संपलेली आहे, कारण प्रार्थनाघर आता उरलेलं नाही, आणि हरकत घेणाऱ्या बकऱ्यांची केव्हाच बिर्याणी झाली.

झालं गांभीर्य. आता नीट सांगते.

लूथरन म्हटलं की आमच्या दुबईतल्या अल मनखूलच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "म्हणजे गोव्याकडचे कॅथलिक ना?" नाही म्हटलं की, "मग नगरचे?" तेही नाही. विदर्भ संपून मध्य प्रदेश लागतो तिथं, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या पट्ट्यात आमची मूठभर गावं आहेत. माझ्या पणजीच्या काळात स्वीडनहून मिशनरी तिथं आले. त्यांनी एक दवाखाना दिला, कॉफीची सवय लावली, आणि कितीही लांबलेला उपदेश न हलता ऐकण्याची ताकद दिली. शिवाय प्रार्थनाघरं दिली. प्रार्थनाघर म्हणजे चर्च नव्हे, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. चर्चला पाळक असतो, घंटा असते. प्रार्थनाघरात चार भिंती, बाकं, आणि पुढं उभा राहून वाचणारा आपल्यातलाच एक माणूस. पाळकसाहेब कधीतरी मोटारसायकलवर येणार, प्रभुभोजन देणार, जेवून जाणार. बाकी सगळं वर्ष आपलं आपण.

आणि एक रीत सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्या रीतीचा आहे. आमच्याकडं माणूस गेला की त्याच दिवशी पुरतात. उन्हाळ्यात दुपार चढायच्या आत. जवळच्या प्रत्येकानं मूठभर माती टाकायची. आईबापाला मूठमाती दिली नाही, तर त्या माणसाला गावात कोणी काही बोलत नाही. फक्त पुढच्या प्रत्येक मयतीत तो मागं उभा राहतो, आणि पुढं ये म्हणून त्याला कोणी हाक मारत नाही. मरेपर्यंत.

आता मामा. ते माझे मामा नव्हेत, जगाचेच मामा. मिशी नाही, पोट नाही, आवाज मात्र आडव्या नळातून पाणी आल्यासारखा. तरुणपणी संत्र्यांची कलमं बांधायचे. कोणीतरी दुबईला शेतीचं काम आहे म्हणून सांगितलं, तेव्हा अख्ख्या गावानं हसून घेतलं, वाळवंटात शेती म्हणून. पण डोंगराकडं, वाडीतल्या, म्हणजे तिकडच्या कोरड्या नदीपात्रातल्या, विहिरींच्या आधारानं खरोखरच शेती होती. तिला इथं मजरा म्हणतात. खजूर, लिंबं, काकड्या, वांगी आणि बकऱ्या. मामा तिथं मजूर म्हणून आले आणि मुकादम झाले. त्यांनी आपल्या पट्ट्यातली आणखी माणसं आणली. मग जबल अलीच्या मजुरांच्या कॅम्पांमधली आमच्याकडची पोरं सुट्टीला तिथं यायला लागली, कारण तिथं झाड होतं आणि झाडाखाली वऱ्हाडी बोललेलं चालायचं.

एक दिवस मामांनी मजऱ्याच्या मालकाला, म्हणजे म्हाताऱ्या अरबाबला, गाठलं. हा संवाद मामांनी मला इतक्या वेळा करून दाखवला आहे की मी दोघांचीही कामं करू शकते.

"अरबाब, शुक्रवार को थोड़ा बैठने का है. प्रार्थना, गाना."

"दारू?"

"नहीं अरबाब."

"औरत?"

"दो आती है. दोनों बूढ़ी."

आम्ही दोघी तेव्हा तिशीतल्या होतो. दुसरी नर्स होती, तिनं पुढं कित्येक महिने मामांशी अबोला धरला.

म्हाताऱ्यानं बकऱ्यांचा एक गोठा दिला. पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या विटांची कमरेएवढी भिंत. अटी तीन. बाहेर पाटी लावायची नाही, भोंगा लावायचा नाही, आणि बकऱ्यांना मारायचं नाही. तिसरी अट सगळ्यात जड गेली. पोरांनी गोठा धुतला, जबल अलीच्या गोदामांमधली फेकलेली लाकडी पॅलेट्स आणून बाकं ठोकली, भिंत वर नेली. पण बकऱ्यांना कोणी कळवलंच नव्हतं. पहिलं गीत सुरू झालं की त्या रांगेनं घरी आल्यासारख्या आत येत. एक काळी होती, ती तर थेट व्यासपीठाजवळ जाऊन उभी राही आणि मामा वाचत असताना पानाचा कोपरा चघळी. पापक्षमेवरचा एक अख्खा उपदेश तिच्या पोटात गेला. मामा म्हणाले, "खाऊ द्या. हिच्याएवढं मन लावून तुमच्यातलं कोनी ऐकत नाई."

बसायची पद्धत गावचीच. पुरुष उजवीकडं, बाया डावीकडं. उजवीकडं पोरं मांडीला मांडी लावून घामाघूम, आणि डावीकडं त्या सगळ्या रिकाम्या बाकांवर आम्ही दोघी राण्यांसारख्या. मी म्हटलं, "मामा, पोरांना इकडं बसू द्या की." मामा म्हणाले, "उद्या बाया आल्या तं कुठं बसवू?" त्या कधीच आल्या नाहीत. कॅम्पातल्या पोरांच्या बायका गावाला होत्या, त्यांना कोण आणणार होतं! पण ती बाजू मामांनी शेवटपर्यंत राखीव ठेवली.

तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. पुढं सुट्टी बदलली आणि आमचा रविवार पुन्हा रविवारी आला. मामांचा चेहरा असा की जणू अर्ज त्यांनीच केला होता.

आतापर्यंत हसला असाल तर बरं झालं.

मामांचे वडील गेले ते गोठ्याला भिंती चढल्यानंतर लगेचच. बातमी आली तेव्हा तिकडं पुरूनही झालं होतं. मामा दिवसभर काकड्यांना पाणी देत राहिले. मग प्रार्थनेच्या दिवशी वाचन झाल्यावर कोणाला काही न बोलता फावडं घेऊन गोठ्यामागं गेले, गुडघाभर खड्डा खणला, त्याच्या कडेला उभे राहिले, आणि गावात म्हणतात ते शब्द म्हटले. मातीची माती, राखेची राख. मूठभर माती टाकली. खड्डा बुजवला. आम्ही मागं उभे होतो. कोणी विचारलं नाही की हे काय, कारण आम्हा सगळ्यांना कळलं होतं की हे काय.

पुढच्या वेळी कॅम्पातल्या एका पोराची आई गेली. तो मामांकडं आला आणि म्हणाला, "मामा, मले बी जागा द्या." मामांनी त्याला त्याच जागी नेलं. मग रीतच पडली. खणायचं नाही, वर एक मूठ टाकायची. नाव घ्यायचं नाही, फक्त नातं सांगायचं. माझा बाप. माझी बहीण. नाव गावात घ्यायचं, असं मामांचं म्हणणं होतं; इथं नातं पुरे. कोणी मुठीबरोबर एखादी वस्तूही ठेवायचा. मामा ती थोडी खाली पुरायचे, वाऱ्यानं उघडी पडू नये म्हणून. मी माझ्या वडिलांची मूठ तिथंच दिली आहे. विमानं बंद होती तेव्हा. त्या काळात तर दर आठवड्याला रांग लागायची. पोरं तोंडावर मास्क लावून अंतर ठेवून उभी राहायची, आणि पुढं जाऊन एकेक नातं सांगायची. एकानं लागोपाठ दोनदा मूठ टाकली. आम्हाला वाटलं चुकला. तो चुकला नव्हता. मामांची बायको त्याच दिवसांत गेली. मामांनी तिच्या काचेच्या बांगड्या टाकल्या. त्या त्यांनी इथल्या बाजारातून घेऊन ठेवल्या होत्या, सुट्टीला जाताना न्यायला.

ढिगारा वाढला. वाऱ्यानं पसरायचा, मामा फावड्यानं पुन्हा सारखा करायचे. आणि इथं ते घडलं जे फक्त आमच्याच लोकांच्या हातून घडू शकतं. कामाचा हात स्वस्थ बसत नाही. आमच्यातले बरेचसे गवंडी, सुतार, रंगारी. एकानं म्हटलं, हे नुसतं मातीचं ढेकूळ बरं दिसत नाही. मग त्याला थडग्याचा आकार आला. डोक्याकडं उंच, पायाकडं उतरता. मग रस्त्याच्या कामावरचे उरलेले दगड आले आणि चारही बाजूंनी किनार झाली, काळी-पांढरी रंगवून. मग खजुरीच्या लाकडाचा क्रूस. दर नाताळला नवा रंग. गावच्या कब्रस्तानात गवत माजलंय, पण इथलं आमचं थडगं असं टापटीप की बघणाऱ्यानं दोन मिनिटं थांबावं.

तर एक बघणारा आला आणि थांबला.

म्हातारा अरबाब वारला होता. मुलगा चांगला होता, हसरा, डोळ्यांवर कायम काळा चष्मा. त्याला मजऱ्याच्या जागी सुट्टीत भाड्यानं द्यायचे बंगले बांधायचे होते, प्रत्येकाला पोहायचा तलाव. आज ते बंगले आहेत, तलावही आहेत. त्यानं मामांना सन्मानानं निरोप दिला. हिशेब चुकता, व्हिसा रद्द, तिकीट हातात, पासपोर्ट हातात. मामांना नोकरी गेल्याचं काडीचं दुःख नव्हतं. त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांची आई नव्वदीच्या पलीकडची, गावात धाकट्या भावाकडं. तिनं जेवण सोडलं होतं. मामा मला म्हणाले, "बापाले मूठ अथी देल्ली. बायकोले अथी देल्ली. मायले मी गावातच देणार पोरी. माह्या हातानं." विमान मंगळवारी संध्याकाळचं होतं.

शनिवारी ठेकेदाराचा माणूस जागा मोजायला आला. गोठ्यामागं गेला. फोटो काढले. तासाभरात धाकटा अरबाब आला. चष्मा काढलेला. तो मामांशी काय बोलला ते आम्हाला शेजारच्या भाईंकडून कळलं. भाई म्हणजे रत्नागिरीचे, मजऱ्यातली भाजी पिकअपमधून रास अल खोरच्या घाऊक बाजारात नेणारे. ते तेव्हा वांग्यांच्या पेट्या चढवत होते.

"मामा," अरबाब म्हणाला, "ये कौन है?"

मामांनी बघितलं. विचारलंय तर सांगितलं पाहिजे.

"मेरा बाप है, छोटे अरबाब."

"बाप?"

"और मेरी बीवी है. फिर बाकी लड़कों के माँ-बाप. भाई लोग. एक छोटा बच्चा भी है."

"टोटल कितने हैं?"

"गिना नहीं, साहब. कोरोना में बहुत आए."

भाई सांगतात, त्यांच्या हातातली वांग्यांची पेटी तिथंच पडली, आणि अरबाबनं पोलिसांना फोन लावला.

मला फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. "ताई," भाई म्हणाले, "तुमच्या मामांनी पोलिसांना सांगितलंय की त्यांची बायको आत आहे." मी खाली बसले. मग, देवा मला क्षमा कर, मला हसू फुटलं. ते थांबेना. मग लक्षात आलं की विमान मंगळवारी आहे.

मामांना चौकीवर नेलं, बसवलं, चहा दिला, विचारलं. वागले सभ्यपणानं. त्यांच्या जागी मी असते तर मीही नेलंच असतं. दुभाषी म्हणून भाई स्वतःहून गेले. त्यांना अरबी येतं, पण मंडईतलं. भाई मला म्हणाले, "ताई, मराठीत मला सगळं कळतंय हो. पण अरबीत सांगायला जातो, तर वाक्य असं होतं की गावात मेलेल्या माणसांना हे लोक इथं आणून पुरतात. मी जितकं समजावतो तितकं मामांचं आणखी बिघडतं." शेवटी ठरलं की जागा उघडून बघायची. त्यासाठी योग्य ती माणसं, योग्य ती परवानगी. मंगळवारी सकाळी. तोवर पासपोर्ट त्यांच्याकडं, मामांनी मजरा सोडायचा नाही.

मी मामांना फोनवर म्हटलं, "अहो मामा, 'कोणी नाही' म्हणून सांगायचं की!"

मामा म्हणाले, "कोनी नाई कसं म्हनू? एवढे दिवस मंग आपन काय केलं?"

आमचा एक ग्रुप होता फोनवर, प्रार्थनेच्या वेळा आणि कोणाच्या गाडीत जागा आहे ते कळवायला. शनिवारी संध्याकाळी मी त्यावर लिहिलं की मंगळवारी ज्यांना जमेल त्यांनी मामांसाठी यावं. उत्तर आलं नाही. मग एकेक माणूस ग्रुपमधून बाहेर पडायला लागला. फोन हातात धरून मी बघत बसले. अमुक गेला. तमुक गेला. ज्यानं दगड रंगवले होते तो गेला. ज्यानं क्रूस केला तोही गेला. मी त्यांना दोष देत नाही. व्हिसा कंपनीच्या हातात, आणि गावात त्याच व्हिसावर जेवणारी माणसं. रविवारी प्रार्थनेला कोणी गेलं नाही, मीसुद्धा. मामांनी एकट्यानं दार उघडलं, वाचलं, आणि बंद केलं. हे त्यांनी मला सहज सांगितलं, पाणी दिलं म्हणून सांगावं तसं.

सोमवारी गावाहून धाकट्या भावाचा फोन. "भाऊ, माय तुह्या वाटेवर डोये लावून हाय. कवा येतं?" मामा म्हणाले, "उद्या निंगतो." पोलिसांचं काहीच सांगितलं नाही.

मंगळवारी मी ऑफिसात दातांच्या डॉक्टरचं कारण दिलं. निघताना मुलीनं विचारलं, "मम्मा, व्हेअर आर यू गोइंग?"

"एक थडगं उघडतायत तिकडं."

"व्हॉट! हूज?"

"कोणाचंच नाही गं."

"देन व्हाय आर यू क्राइंग?"

मी लिफ्टमध्ये शिरले.

भाईंच्या पिकअपमध्ये कोथिंबिरीच्या वासात बसून आम्ही गेलो. मे महिना. मजऱ्यात गोठ्याचं छप्पर आधीच उतरवलं होतं, पत्रे एका बाजूला रचलेले, बाकं उघड्यावर, उजवीकडची आणि डावीकडची अजून वेगवेगळी. जेसीबी लांब उभा. गोठ्यामागं एक तरुण अधिकारी, त्याचा सहकारी, आणि पांढरे कपडे, हातमोजे, मास्क घातलेली दोन माणसं फावडी घेऊन. धाकटा अरबाब सावलीत. मामा स्वच्छ शर्ट घालून, बॅग भरून, बॅग पायाशी ठेवून. विमानाची बॅग त्यांनी तिथंच आणली होती, म्हणजे संपलं की तिथून निघता यावं. आमच्या माणसांपैकी मी एकटी, आणि भाई, जे आमचे नव्हेतच.

क्रूस काढायची वेळ आली तेव्हा मामा म्हणाले, "साहब, वो मैं निकालता." अधिकाऱ्यानं मान हलवली. मामांनी तो हलवून हलवून सैल केला, दात काढतात तसा, आणि गमछ्यात गुंडाळून बॅगेवर ठेवला. मग दगड निघाले. मग ती माणसं खणायला लागली.

मी आजवर बऱ्याच गोष्टी रंगवून सांगितल्या आहेत, ही रंगवता येत नाही. माती सैल होती, मुठीमुठीनं पडलेली. आधी एक चष्मा निघाला, एक काडी तुटलेला. हातमोज्यानं उचलून कापडावर ठेवला. अधिकाऱ्यानं मामांकडं बघितलं. "किसी के बाप का," मामा म्हणाले. मग चुन्याची डबी. "किसी के काका का." मग हिरव्या काचा. भाईंनी हळूच अरबीत सांगितलं, आणि अधिकाऱ्यानं स्वतः वाकून त्या काचा बाजूला नीट ठेवल्या. मग लोकरीचा एक पायमोजा निघाला, माझ्या अंगठ्याएवढा. खणणारे दोघेही थांबले. एकानं दुसऱ्याकडं बघितलं. अधिकारी पुढं आला.

"बच्चा?" त्यानं विचारलं.

"बच्चा गाँव में है साहब. गाँव की मिट्टी में," मामा म्हणाले. "बाप जबल अली में है. उसने देखा नहीं था उसको."

त्यानंतर ते सावकाश खणायला लागले, फावडी बाजूला ठेवून हातांनी. ऊन वर आलं. खाली खडी लागली, मग खडक. अधिकाऱ्यानं स्वतः काठी आपटून बघितली. टण् टण् वाजलं. काही नव्हतं.

त्याच वेळी मामांचा फोन वाजला. धाकटा भाऊ. मामांनी ऐकलं. "कवा?" विचारलं. मग "बरं" म्हणाले. परत एकदा "बरं". फोन खाली घेतला आणि मला म्हणाले, "सकायी गेली. ऊन लय हाय म्हनते. थांबता येत नाई. आत्ता पुरून रायले."

आणि अधिकारी त्यांच्या पासपोर्टवरची धूळ झटकत आमच्याकडं येत होता. चेहऱ्यावर खरोखरचा दिलासा. "खलास," तो म्हणाला, "मामा, नो प्रॉब्लेम. फ्लाइट आज है ना? जाओ. यल्ला." पासपोर्ट मामांच्या हातात ठेवला. मामांनी दोन्ही हातांनी घेतला, "शुक्रिया साहब" म्हणाले, आणि खिशात घालायला गेले तर खिसा सापडेना. भाईंनी अधिकाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो तरुण माणूस कमरेवर हात ठेवून खाली बघत उभा राहिला. मग त्यानं खणणाऱ्यांना, ते बुजवायला निघाले होते, हातानं थांबवलं.

भावाचा पुन्हा फोन आला, आता व्हिडिओवर. मामांनी तो माझ्याकडं दिला. "तू धर पोरी. माह्ये हात मोकये पाह्यजेत." मी धरला. पडद्यावर लाल माती, पांढऱ्या साड्या, छत्र्या, आणि खड्ड्याच्या कडेला आमचे पाळकसाहेब, मोटारसायकलवरून आलेले, पँटला अजून क्लिप लावलेली. शब्द तुटत तुटत येत होते. मातीची माती. मामा खड्ड्यात उतरले नाहीत. कडेला बसले, हातमोज्यांनी चाळलेल्या ढिगाऱ्यातली मूठ भरली, आणि म्हणाले, "माही माय." टाकली. खाली खडकावर ती वाजली, कारण खड्डा अगदी तळापर्यंत साफ केलेला होता. मग आणखी एक मूठ. "भावाची बी मायच," म्हणाले, कशासाठी कोणास ठाऊक. भाईंनी एक टाकली. अधिकाऱ्याच्या मनात काय होतं सांगता येणार नाही. त्यानं टोपी काढली आणि तो रेषेत उभा राहिला. मास्कवाले दोघेही उभे राहिले, हातमोजे घातलेले हात समोर बांधून.

मी एका हातानं डोळे पुसत होते, त्या नादात अंगठा कुठंतरी लागला आणि फोनचा कॅमेरा उलटा झाला. मला पत्ताच नाही. गावातल्या लोकांना इतका वेळ माझा सुजलेला चेहरा दिसत होता, आता समोरचं सगळं दिसायला लागलं. उघडा खड्डा. मातीचा ढीग. पांढऱ्या कपड्यांतली माणसं. पोलीस. खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर मामा.

तिकडं पाळकसाहेबांचा आवाजच थांबला. मग पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा अगदी जवळ आला, मामांची मावशी, कानानं बहिरी, त्यामुळं जे बोलते ते ओरडूनच. तिनं डोळे बारीक करून आमच्या खड्ड्यात बघितलं आणि दोन्ही देशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अव माय! अन् तुमच्याकडं कोन मेलं रे?"